गोल, रेघ, रेघ, गोल

माझा राग नाकावर असतो, हे संत तुकाराम नगरातल्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा. मी नाकारत नाही. पण त्र्याहत्तर साली ह्या रागाच्या भरात मी एक गोष्ट केली. मला वाटलं होतं कुणाला कळली नाही. दोघांना कळली होती, आणि दोघंही गप्प बसले. ते सांगते.

आमच्या दोन खोल्या, शेजारी गौहरच्या दोन खोल्या, आणि मागच्या अंगाला दोन्ही घरांत मिळून एक नळ. गौहरचा नवरा रहिमान मेकॅनिक, हमरस्त्यावर त्याचं गॅरेज. ती घरी मशीनवर शर्ट आणि ब्लाउज शिवायची. आमचे हे (नाव गुरुदत्त, घेतलं एकदाचं) कंपनीत इन्स्पेक्शनला होते. दिवसभर सुटे भाग मोजायचे, चुकीचे बाजूला काढायचे, आणि घरी येऊन पुन्हा कागदावर आकडेच मांडत बसायचे. बोलणं कमी. दोघांच्या वाटचं मीच बोलायची.

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला. डिसेंबरपासून नळ पहाटे साडेपाचला यायचा आणि सहाला जायचा. त्यातही पहिली पंधरा मिनिटं धार, मग करंगळीएवढं पाणी. जिचा हंडा पहिला तिचं घर भरायचं, दुसरीनं थेंब मोजत उभं राहायचं. मग काय, रोज पहाटे आमचा तमाशा. मी म्हणायची, मी आधी आले. गौहर म्हणायची, माझी बादली रात्रीपासून इथं आहे. आख्खी चाळ आमच्या आवाजानं उठायची.

शेवटी ठरलं, एक दिवस ती पहिली, एक दिवस मी. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की माझ्या दिवशी पाणी मेलं येतं आणि तिच्या दिवशी जोरात. पाण्याचा जोर एक दिवस आमच्या बाजूला असायचा, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या चाळींना. मी आकाशपाताळ एक केलं. मग रहिमाननं सुचवलं, दोन दिवस तुम्ही, दोन दिवस आम्ही. पण दर चौथ्या दिवशी पाणी तांबूस यायचं, आणि तो चौथा दिवस नेमका गौहरच्या वाट्याला. आता तिनं तोंड सोडलं. पांढरे शर्ट शिवते मी, म्हणाली, ह्या पाण्यात धुऊन देऊ का गिऱ्हाइकाला?

ह्यांनी हे सगळं चहा पीत ऐकलं. मग म्हणाले, "पाण्याला फेरा आहे. आपल्या पाळीलाही फेरा असला की दोन फेरे कुठंतरी जुळतात आणि एकाचं नुकसान होतं. आपण फेरा नसलेली ओळ करू."

एक जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी कंपनीतला निळा खडू आणला आणि नळाच्या वरच्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला, सोळा खुणा काढल्या. गोल म्हणजे त्या दिवशी गौहर पहिली, उभी रेघ म्हणजे मी पहिली.

"पहिला मान त्यांना होय?" मी म्हटलं, कारण पहिली खूण गोल होती.

"कुणीतरी पहिलं असणारच ना. हे बघ, किती सोपं आहे. आधी एक गोल. त्याच्यापुढे त्याचं उलट, रेघ. आता ह्या दोघांच्या पुढे ह्या दोघांचं उलट, रेघ, गोल. आता चार झाले. त्या चारांच्या पुढे चारांचं उलट. मग आठांचं. असं कितीही लांब नेता येतं, आणि गंमत म्हणजे..."

"माझी कणीक वाळतेय," मी म्हटलं आणि आत गेले.

गंमत काय ती मी ऐकलीच नाही. त्यांनीही पुन्हा सांगितली नाही. पंचवीस वर्षं त्या माणसाची प्रत्येक गंमत अशी माझ्या कणकेपाशी येऊन थांबायची, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं.

पण ओळ चालली, हे मात्र खरं. गोल, रेघ, रेघ, गोल, रेघ, गोल, गोल, रेघ. जोराचं पाणी दोघींना सारखं यायला लागलं, तांबूसही सारखं. भांडायला कारण उरलं नाही. दर सोळा दिवसांनी हे खाली नवी ओळ काढायचे, कागद न घेता, दात घासता घासता. चाळीतले लोक येऊन बघून जायचे, म्हणायचे, गुरुदत्तरावांनी नळाची पत्रिका मांडलीय.

आता माझी गोष्ट. फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या चित्राला बघायला नाशिकहून माणसं येणार होती. एक नाही दोन नाही, बारा माणसं. बुधवार, अठ्ठावीस तारीख. मी भिंतीवर बघितलं, चौथ्या ओळीतली अकरावी खूण. गोल! जोराच्या पाण्याचा दिवस, आणि पहिली गौहर.

सरळ जाऊन मागायला काय हरकत होती? पण आदल्याच दिवशी मोरी तुंबली होती. मी तार घालून बघितलं तर आतून दोन बटणं निघाली. मग मी तिला अशी काही झाडली की विचारू नका. मोरी आहे की तुमचा बटणांचा डबा, इथपर्यंत गेले. ती बटणं उचलून आत गेली. आता त्याच तोंडानं तिच्या दारात जाऊन, बाई गं, उद्याचं पाणी दे, असं म्हणू? माझी जीभ रेटेना.

मंगळवारी संध्याकाळी मागं कुणी नव्हतं. मी बोट ओलं केलं, गोल पुसला, आणि ह्यांच्या डब्यातला खडू घेऊन तिथं उभी रेघ काढली. सरळ, अगदी ह्यांच्यासारखी.

बुधवारी पहाटे गौहर कळशी घेऊन आली, भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या मागं उभी राहिली. मी सगळी भांडी भरली, पिंपसुद्धा. तिची पाळी येईपर्यंत नळ घोगरायला लागला होता. अकराच्या उन्हात ती नदीवरून कमरेवर हंडा घेऊन येताना मला खिडकीतून दिसली. मी खिडकी लावून घेतली. पोह्यांना फोडणी घालायची होती.

हे कामावर जाताना त्या भिंतीपाशी जरा वेळ उभे राहिले होते. माझ्याकडे वळून बघितलं, मग डबा उचलून गेले. त्यांना कळलं नसणार, असं मी धरून चालले. पुढची ओळ त्यांनी नेहमीसारखी काढली. चित्राचं जमलं, एप्रिलमध्ये लग्न होऊन ती नाशिकला गेली. मी ती रेघ विसरूनही गेले. म्हणजे, विसरले असं स्वतःला सांगितलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात हे कंपनीत बाकावर काम करता करता कोसळले. पुण्याच्या हॉस्पिटलात तीन आठवडे काढले आणि घरी आणलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर चांगला होता, पण त्यानं खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. म्हणाला, "बाई, शब्द त्यांच्यापर्यंत पोचतायत असं दिसत नाही. आत किती शिल्लक आहे, मला सांगता येणार नाही. तुम्ही बोलत राहा."

बोलत राहा! मला आणखी काय येतं? मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलायची. अहो, चित्राचं पत्र आलंय. अहो, डोळे मिटा बघू. अहो, माझा हात दाबा, एकदाच दाबा. ते छताकडे बघत राहायचे. घास दिला की गिळायचे, कूस बदलली की तसेच पडून राहायचे. डोळे उघडे असायचे, पण त्यांत मी कुठंच नव्हते.

दर रविवारी धाकटे दीर, सुरेंद्रभावजी, कुरुळीहून यायचे. आमचं मूळ घर तिथलं. माणूस मायाळू, पण बोलणं सरळसोट.

"वहिनी, दादा आता त्यात न्हाई," ते म्हणाले. "मला का वाईट वाटत न्हाई व्हय? पर जे हाय ते हाय. चल गावाकडं. घर हाय, आमी हाय. हितं एकली त्येला किती दिस उलटापालटा करशील?"

"त्यांना कळत असेल तर?" मी म्हटलं. "हे घर, ही खोली, कंपनीचा भोंगा? कळत असेल आणि मी इथून उचलून नेलं तर?"

"कळत असतं तर गोष्टच न्यारी व्हती. मग मी सवता हितं येऊन ऱ्हायलो असतो."

मी म्हटलं, जूनअखेरपर्यंत थांबा. तोवर काही कळलं नाही, तर टेंपो घेऊन या. म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून तारीख माझ्या छातीवर बसली. गावाला जायचं दुःख नव्हतं हो. हे आत आहेत की नाहीत, एवढंच मला हवं होतं. आत असतील आणि मी त्यांना नाहीत असं धरून उचललं, तर त्याच्याइतकं पाप नाही.

ह्या दिवसांत माझं पाणी कोण भरत होतं? गौहर. मी सांगितलं नव्हतं. पहाटे उठून मागं जावं तर माझा हंडा भरलेला, कळशी भरलेली, वर ताट झाकलेलं. भिंतीवरची ओळ आठ मेला संपली होती. आठ ओळी, एकशे अठ्ठावीस खुणा, आणि पुढं कोरी भिंत. पाळीच उरली नव्हती, सगळं तीच भरायची.

जूनच्या मध्यावरची गोष्ट. दुपारी मी ह्यांचा डावा हात ओल्या फडक्यानं पुसत होते. मागचं दार उघडं होतं, तिथून भिंत दिसत होती. काय झालं कोण जाणे, माझा तोल गेला. मी ओरडले त्यांच्यावर. आजारी माणसावर ओरडले! "एवढ्या ओळी काढून ठेवल्यात, आता पुढची कोण काढणार? मी? मला येतंय का ते? सांगितलंत का कधी?" आणि रागारागानं त्यांच्या तळव्यावर बोटानं काढलं, गोल, रेघ, रेघ, गोल. रेघ, गोल, गोल, रेघ.

त्यांची नजर छतावरून खाली आली. माझ्या बोटावर.

मी आणखी काढलं. नजर बोटाबरोबर चालत होती. मग मी पळत जाऊन भिंतीवरच्या आठही ओळी कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून आणल्या, आणि मांडीवर कागद ठेवून पहिल्यापासून सुरुवात केली. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. हात मोकळा, तळवा उघडा. चौथ्या ओळीत मध्येच त्यांनी मूठ मिटली. घट्ट. उघडेचना. नजर पुन्हा छताकडे गेली.

दमले असतील, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मध्येच मूठ. रविवारी भावजींना मोठ्या उत्साहानं दाखवायला गेले, तर त्यांच्यासमोरही तसंच. तीन ओळी नीट, आणि मग मूठ.

भावजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तान्ही पोरं वळत्यात तशी मूठ हाय ती, वहिनी. नस वढती. येड्यागत आशा करू नगंस." त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी उलट बोलले नाही. ते गेले, आणि मी पदर तोंडात कोंबून मोरीपाशी बसून रडले.

गौहरला आवाज गेला असणार. सोमवारी दुपारी ती शिवणाचा डबा घेऊन आली आणि पलंगाच्या पायथ्याशी बसली. शर्टाला बटणं लावता लावता म्हणाली, "करा ना भाभी. मी बघते."

"काय बघायचंय? मूठ मिटतात."

"तरी करा."

मी केलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथी. मूठ. गौहरची सुई थांबली.

"परत करा. सावकाश."

परत केलं. ह्या वेळी ती जवळ येऊन, ओठ हलवत, मोजत होती. मूठ मिटली. तिनं माझ्या कागदावर बोट ठेवलं.

"दर वेळी इथंच. चौथी ओळ, अकरावी खूण." तिनं माझ्याकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली. "भाभी, ती खूण..." आणि ती दोऱ्याला गाठ मारायला लागली.

तिनं वाक्य माझ्यासाठी सोडलं होतं. चार महिने जे घशाखाली दाबलं होतं ते वर आलं.

"ती खूण खोटी आहे, गौहर," मी म्हटलं. "तिथं गोल होता. चित्राला बघायला आले त्या दिवसाचा. पाळी तुझी होती. मी पुसून रेघ काढली. तू नदीवरून पाणी आणलंस ते मी बघितलं आणि खिडकी लावून घेतली."

एकीकडे लाज, आणि दुसरीकडे डोक्यात काहीतरी उजाडत होतं. हे मूठ मिटत होते ते खोट्या खुणेवर. सगळा जन्म चुकीचा भाग बाजूला काढण्यात गेलेला माणूस. बोललेलं पोचत नव्हतं, पण ही ओळ पोचत होती, आणि तिच्यातली चूक त्यांना दर वेळी सापडत होती.

गौहर उठून घरी गेली. मला वाटलं, संपलं, आता ही बाई माझ्या दारात पाऊल टाकणार नाही. पण ती दोन मिनिटांत परत आली. हातात लांबच लांब दोरा, त्यात ओवलेली बटणं, पांढरी आणि काळी.

"मला लिहिता येत नाही," ती म्हणाली. "भाईजान ओळ काढायचे, त्याच दिवशी मी ओवून ठेवायची. पांढरं मी, काळं तुम्ही."

"रंग बरे निवडलेस," मी म्हटलं. अशा वेळीही माझी जीभ!

ती हसली. "तेव्हा तुमच्यावर राग होता ना. खरं सांगू? भाईजानांवरही विश्वास नव्हता. म्हटलं, लिहिणारे तुमच्या घरचे, काहीतरी गोम असणार. म्हणून मी जोराच्या पाण्याचे दिवस वेगळे करून बघितले. असे." तिनं माळ मांडीवर सरळ ठेवली आणि पहिलं बटण, तिसरं, पाचवं, असं एक सोडून एक नखानं वर सरकवलं. "आता फक्त वरची वाचा."

मी वाचलं. पांढरं, काळं, काळं, पांढरं. काळं, पांढरं, पांढरं, काळं.

"ही तर पहिल्यापासूनची ओळ झाली," मी म्हटलं.

"तीच. मग ह्यातलीही एक सोडून एक घेतली, परत तीच. अर्धी बटणं काढा, त्याच्यातली अर्धी काढा, जे उरतं ते पहिल्यासारखंच. मी दोन दिवस शिवण टाकून हेच करत बसले होते. मग म्हटलं, असं लिहिणाऱ्या माणसाच्या मनात गोम नसते."

ही होती ती गंमत. कणीक वाळतेय म्हणून मी जी ऐकली नव्हती ती. माझी नजर ह्यांच्या निपचित उजव्या हाताकडे गेली. अर्धं अंग गेलं होतं. उरलेलं पहिल्यासारखंच असू दे, देवा, मी मनात म्हटलं, एवढंच दे.

"म्हणजे त्या दिवशी तुला माहीत होतं," मी विचारलं. "मग नळावरच माझ्या झिंज्या का नाही धरल्यास?"

"तुमच्या पोरीला बघायला येणार होते. पहाटे आपण भांडलो असतो तर चाळभर झालं असतं, पाहुण्यांच्या कानावर गेलं असतं. पोरीनं काय केलंय माझं?" तिनं दोरा बोटाभोवती गुंडाळला. "आणि बटणांवरून तुम्ही मला इतकं बोलला होता ना, की म्हटलं, बघू ही बाई किती दिवस तोंड मिटून बसते. चार महिने बसलात! मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल."

मी तिचा हात धरला. "मागितलं असतं तर दिलं असतंस का गं?"

"चार हंडे भरून ठेवले असते," ती म्हणाली. मला ठाऊकच होतं ते. म्हणूनच तर लागलं.

मग आम्ही पुन्हा सुरुवात केली. गौहर एकेक बटण सरकवून सांगत होती, मी ह्यांच्या तळव्यावर काढत होते. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. चौथीत आठ, नऊ, दहा. अकरावं बटण पांढरं. मी गोल काढला, अगदी सावकाश, पूर्ण.

तळवा उघडाच राहिला.

पाचवी, सहावी, सातवी. बाहेर तीनच्या शिफ्टचा भोंगा झाला, तरी आम्ही थांबलो नाही. आठवी ओळ संपली. शेवटचं काळं बटण गाठीला जाऊन टेकलं. एकशे अठ्ठावीस.

"एवढंच आहे हो," मी म्हटलं. "पुढं तुम्ही लिहिलं नाहीत."

मी बोट उचललं, आणि त्यांचा डावा हात हलला. चाचपडत माझ्या मनगटाशी आला, माझा हात उलथा केला, तळवा वर केला. मग त्यांच्या तर्जनीनं, हळूहळू, माझ्या तळव्यावर एक खूण काढली. थांबले. दुसरी काढली, तिसरी, चौथी.

मी गौहरला काय काढलं ते सांगितलं नाही. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "गौहर, माळ पुढं ओवायची झाली तर कशी ओवशील?"

तिनं माळ हातात तोलली, विचार केला. "पहिल्यापासून सगळी उलट सुरू करायची. म्हणजे काळं. मग पांढरं, पांढरं, काळं." मग माझा चेहरा बघून ती उठून उभीच राहिली. "भाभी? काय काढलं त्यांनी?"

"रेघ," मी म्हटलं. "रेघ, गोल, गोल, रेघ."

गौहर मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. मी रडले नाही. मी हसत होते, वेड्यासारखी. ते माझ्याकडे बघत होते. छताकडे नाही. माझ्याकडे, आणि त्या डोळ्यांत मी होते.

"अहो," मी म्हटलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? फेब्रुवारीतच?" शब्द पोचत नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून मी त्यांच्या तळव्यावर चौथी ओळ पुन्हा पहिल्यापासून काढली, आणि अकराव्या जागी मुद्दाम ती खोटी रेघ ओढली.

मूठ मिटली. माझं बोट आत होतं, आणि ह्या वेळी त्यांनी ते सोडलं नाही.

"पकडलं," गौहर डोळे पुसत म्हणाली. "भाईजाननी चोर पकडला."

रविवारी भावजी आले, बघितलं, आणि टेंपोचं नाव काढलं नाही. पण त्याआधी मंगळवारी पहाटे मी निळा खडू घेऊन मागं गेले. चौथ्या ओळीतली रेघ पुसून तिथं गोल काढला, आणि आठव्या ओळीखाली नववी सुरू केली. गौहर नेहमीसारखी माझा हंडा भरायला आली होती. मी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि स्वतः नळाखाली लावला.

"आज रेघ आहे," मी म्हटलं. "मागं उभी राहा. तुझी पाळी उद्या."